वायपरच्या टाकीतलं पाणी ऋतूप्रमाणे बदला

प्रिय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे संपत आला की पेपरमध्ये पावसाळ्याआधी गाडीची काय तयारी करायची ते येतं, टायर बघा, ब्रेक बघा, वायपरचं रबर बदला, हेडलाइट चेक करा, आणि ते सगळं बरोबरच असतं, पण दांडी ओढली की काचेवर जे पाणी उडतं त्या पाण्याबद्दल एक ओळसुद्धा कधी वाचायला मिळत नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली तर तिथेही कोणी काही सांगत नाही. मी रोज सिंहगड रोडवरून चाकणला गाडी चालवत जाते, ऑफिसात आणि सोसायटीत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या टाकीत एकतर बोअरचं पाणी, नाहीतर भांड्यांचा साबण टाकलेलं पाणी, नाहीतर ऑनलाइन ऑफर बघून मागवलेली वॉशर लिक्विडची, म्हणजे काच धुवायच्या लिक्विडची, निळी बाटली जिच्यावर बर्फाचं चित्र छापलेलं. म्हणून हे पत्र लिहितेय.

माझं म्हणणं साधं आहे. पुण्यात बर्फ पडत नाही. हिवाळ्यात कधी पारा ७-८, एखाद्या वर्षी ५-६ अंशांपर्यंत खाली येतो तेवढंच, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी येते तीसुद्धा गवतावरच्या आणि गाड्यांच्या टपावरच्या दवाची, टाकीतलं पाणी गोठल्याची नाही. मग उणे २० डिग्रीला गोठत नाही म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेलं लिक्विड आपल्या काय कामाचं? आपल्याला दोन गोष्टी लागतात, पाणी क्षाराचं नको आणि त्यातला साबण त्या त्या ऋतूतल्या घाणीला पुरणारा हवा. उन्हाळ्याची घाण वेगळी, पावसाळ्याची वेगळी, हिवाळ्याची त्याहून वेगळी, आणि एकच बाटली वर्षभर वापरली की कुठल्या ना कुठल्या ऋतूत ती कमी पडतेच.

आधी पाण्याचं बोलते, कारण पुण्यात निम्मी भानगड तिथेच आहे. महापालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं, पिंपरी-चिंचवडला पवनेचं येतं, म्हणजे ते मुळात पावसाचं साठवलेलं पाणी आहे, त्यात क्षार कमी असतात. पण वाघोली, उंड्री, पिसोळी, वाकड, हिंजवडी इकडच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, ते पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून आलेलं असतं त्यामुळे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. नळाच्या तोंडाला पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर खडूसारखी पुटं, बाथरूमच्या काचेवर न जाणारे डाग, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनी समजून जावं की वॉशरच्या टाकीतही तेच चाललंय.

पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ५०० पर्यंत चालतो आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पोटाला ते चालेल हो, पण काचेला नाही चालत. हिशोब करून बघा, ८०० टीडीएसचं पाणी ३ लिटरच्या टाकीत भरलं तर त्यात जवळपास अडीच ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा मिठाएवढे, आणि पाणी उडून गेलं तरी क्षार काही उडत नाहीत, ते काचेवर, वायपरच्या रबराच्या धारेला, नाहीतर नोझलच्या, म्हणजे पाणी जिथून उडतं त्या तोंडाच्या, भोकात बसतात. एकदा आमच्या गाडीचं डावीकडचं जेट बंद पडलं तेव्हा गॅरेजमध्ये त्या दादांनी बोनेट उघडून मोटर चालवून बघितली, मोटर व्यवस्थित आवाज करत होती, मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का?" मी म्हटलं हो, उन्हाळ्यात बोअर आणि टँकर दोन्ही असतं. त्यांनी एक बारीक सुई घेऊन नोझलच्या भोकात हलकेच फिरवली तर पांढरा चुरा बाहेर आला, अगदी पिठासारखा, मग पाईप काढून उलटी हवा मारली तर त्याबरोबर आतून एक हिरवट बुळबुळीत तुकडाही पडला. ते शेवाळ. म्हणाले, "पाणी जड आणि त्यात औषध काहीच नाही, मग असंच होणार."

यावर उपाय फार महागाचा नाहीये. घरी आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी वापरा, ३-४ लिटर म्हणजे काही फार नाही, आणि सर्व्हिसला येणाऱ्या आरओवाल्याकडे टीडीएस मोजायचं पेन असतं, त्याच्याकडून नळाचं आणि आरओचं दोन्ही एकदा मोजून घ्या म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. पण इथे एक गोष्ट आवर्जून सांगते कारण आमच्याच सोसायटीत चांगल्या हेतूने हे करणारे लोक आहेत. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला वापरतात, ते उत्तमच आहे, पण तेच पाणी गाडीच्या टाकीत ओततात. ते सगळ्यात वाईट! आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्यापेक्षा एसीच्या पाईपमधून टपकणारं पाणी घ्या, ते हवेतल्या वाफेचं झालेलं असतं त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतातच, फक्त स्वच्छ कॅनमध्ये धरा, कपड्यातून गाळा आणि फार दिवस साठवून ठेवू नका. तेही नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. ज्यांच्या काचेवर आधीच पांढरे डाग बसलेत त्यांनी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून मऊ कपड्याने डागावर थोडा वेळ ठेवायचं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं, क्षाराचे डाग ॲसिडनेच सुटतात, साबणाने कितीही घासलं तरी नाही. हे सावलीत, गार काचेवर करा आणि रंगावर ओघळू देऊ नका.

आता कोणी म्हणेल की मग आरओचं पाणी भरलं की झालं, लिक्विड कशाला पाहिजे. तसं नाही. नुसतं पाणी तेलकट घाण सोडवत नाही हा एक भाग, आणि दुसरा भाग तब्येतीचा आहे ज्याची आपल्याकडे कोणी चर्चाच करत नाही. इंग्लंडमधल्या तेव्हाच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास मांडला होता, त्यात लीजनेअर्स नावाचा जो गंभीर न्यूमोनिया होतो त्याचा धोका आणि वॉशरच्या टाकीत नुसतं साधं पाणी वापरणं यांचा संबंध दिसला होता, आणि वॉशर लिक्विड घातलेलं असेल तर तो धोका कमी. कारण हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो, साधारण २० ते ४५ डिग्रीच्या मधे, आणि फवाऱ्याच्या बारीक तुषारांतून श्वासात जातो. आता पुण्यात एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीचं तापमान काय असेल याचा विचार करा. घाबरवायचं नाहीये मला कोणाला, पण घरात म्हातारी माणसं, दम्याचे पेशंट असतील तर महिनोन्‌महिने तेच पाणी टाकीत ठेवणं बरोबर नाही.

उन्हाळ्यात, म्हणजे शिमग्यापासून ते मृगापर्यंत, आपल्या काचेवर काय असतं? धूळ, बांधकामांची सिमेंटची पूड, झाडाखाली लावलेल्या गाडीवरचे चिकट थेंब आणि पारव्यांची घाण. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना माहितीये, मोहोर आला की जानेवारीपासूनच काचेवर गोड चिकट तुषार पडायला लागतात, ते मोहोरावरच्या तुडतुड्यांचं काम असतं, त्यावर धूळ बसली की वायपर फिरवल्यावर काच स्वच्छ व्हायच्या ऐवजी सगळं फासलं जातं. या दिवसात काच एवढी तापते की पाणी वायपर फिरायच्या आतच वाळतं, म्हणून अल्कोहोल जास्त असलेलं लिक्विड उन्हाळ्यात उलट त्रास देतं, ते अजून पटकन उडतं आणि पट्टे मागे ठेवतं, शिवाय बोनेट आणि काच जिथे मिळतात तिथूनच एसीला हवा आत घेतली जाते त्यामुळे तो वास सरळ गाडीत येतो. उन्हाळ्यात पाणी जितकं बिनक्षाराचं तितकं चांगलं, साबण कमी फेस करणारा, आणि लेबलवर जे प्रमाण दिलंय त्यातलं सगळ्यात पातळ प्रमाण घ्या. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ असं होत नाही, वाळलेला साबण हीच एक नवीन घाण होते आणि रात्री समोरच्या लाइटमध्ये ती दिसते.

पारव्यांची घाण आणि वाळलेले किडे यांच्यावर मात्र कधीही सरळ वायपर मारू नका. जुना पेपर पाण्यात भिजवून त्या डागावर पसरून ठेवा, सावलीत दहा मिनिटं, मग आपसूक सुटतं. आणि काचेला आधीच खडा लागून टवका उडालेला असेल तर उन्हातून आल्या आल्या त्यावर गार पाणी मारू नका, तिथून तडा पुढे पळतो.

पावसाळ्याबद्दल मला जास्त लिहायचंय. आमच्या शेजारचे काका, चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, ते म्हणतात, "अगं, वरूनच एवढं पाणी पडतंय, टाकी कशाला भरायची?" खूप जणांचं असंच मत असतं. मी त्यांना म्हटलं काका, धो धो पाऊस असतो तेव्हा खरंच गरज पडत नाही, पण आपला पुण्याचा पाऊस किती दिवस धो धो असतो? निम्मे दिवस नुसती भुरभुर, रस्ता ओला आणि आकाश कोरडं. अशा वेळी पुढच्या ट्रकच्या चाकातून जो चिखल उडतो तो धुवून जाईल एवढा पाऊस वरून पडत नसतो, आणि तो पुसून टाकायचा तर टाकीत पाणी नसतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना हे रोज दिसतं. उतार, डाव्या-उजव्या लेनमधून कंटेनर, डंपर, सगळे वेगात, आणि बाजूने गेलेल्या डंपरने फराटा मारला की समोरची काच एका क्षणात तपकिरी. पहिल्यांदा वायपर फिरतो तेव्हा तो चिखल दोन्हीकडे ओढला जातो आणि आधी जे थोडंफार दिसत होतं तेही जातं. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद काही दिसलं नाही तर ४४ मीटर आपण आंधळेपणाने गेलो, त्या उतारावर एवढ्यात पुढच्या गाडीने ब्रेक मारला तर संपलंच. दांडी ओढल्यावर पाणी जोरात, दोन्ही जेटमधून, बरोबर नजरेच्या जागी पडलं पाहिजे आणि एका फटक्यात तो थर सुटला पाहिजे. ताम्हिणीत, खंबाटकीत, खंडाळ्याच्या घाटात, सगळीकडे तेच.

आणि पावसाळ्यातली घाण नुसता चिखल नसतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं सांडलेलं ऑइल, टायर झिजून पडलेलं बारीक रबर, डिझेलची काजळी, सगळं पाण्याबरोबर वर येतं, त्यामुळेच मृगाच्या पहिल्या सरीत टू व्हीलर घसरतात हे आपण सगळे बघतो, आणि तेच सगळं उडून काचेवर बसतं. दिवसा ते दिसतही नाही. रात्री वायपर फिरला की एक तेलकट कमान तयार होते, समोरून एलईडी लाइटवाली गाडी आली की त्या कमानीत उजेड फुटतो आणि रस्त्याच्या कडेला चालणारा माणूस, बिनलाइटची सायकल, उभी ट्रॉली काहीच दिसत नाही. खूप जण म्हणतात डोळ्यांचा नंबर वाढला वाटतं. नंबर वाढलाही असेल, पण आधी काच बघा. ओल्या कपड्याने काच पुसून बघायची, पाणी सलग पसरलं तर काच स्वच्छ, तुकड्या-तुकड्यात फाटलं तर तेलाचा थर आहे असं समजायचं (काचेला थेंब पळवणारं वॉटर रिपेलंट लावलेलं असेल तर ही टेस्ट चालत नाही).

म्हणून पावसाळ्यात लिक्विड कडक लागतं, तेल कापणारं, लेबलवर दिलेल्यातलं दाट प्रमाण घ्या, आणि थोडं अल्कोहोल असलेलं या ऋतूत चालतं, तेल सुटायला त्याची मदतच होते. पाणी थांबू न देणारं, थेंब पळवणारं जे वॉटर रिपेलंट टाईपचं लिक्विड मिळतं त्याची जाहिरात पावसाळ्यातच जोरात असते, हायवेवर जास्त फिरणाऱ्यांना ते आवडतंही, पण माझं मत असं की शहरात हळू चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग कमी, आणि रबर जुनं असेल तर त्यावर वायपर थडथड उड्या मारतो. आधी रबर बदला. मेच्या उन्हात ते कडक होतं, धारेला चिरा जातात, मग टाकीत कितीही चांगलं लिक्विड असू दे काच पुसली जाणारच नाही. रबर आणि लिक्विड दोन्ही मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, एकदमच बदलून टाकायचं. काचेला आतून जी वाफ धरते तिचा वॉशरशी काही संबंध नाही, त्यासाठी एसी चालू करून हवा काचेकडे वळवायची, पण लोक तेव्हाही बाहेरून पाणी मारत बसतात.

पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात, मावळ, मुळशी, भोर या भाताच्या पट्ट्यात संध्याकाळी गाडी चालवली तर काचेवर हिरवे तुडतुडे आणि चिलटं नुसती चिकटून बसतात. त्या दिवसात किडे सोडवणारं लिक्विड मिळतं ते घ्यावं, आणि मुख्य म्हणजे रात्री घरी आल्यावरच काच धुवावी, कारण किड्यांमधलं प्रोटीन दुसऱ्या दिवशीच्या ऑक्टोबर हीटमध्ये भाजलं की घट्ट बसतं. आणि गणपतीतला गुलाल! विसर्जनाच्या दिवशी काचेवर गुलाल पडला तर आधी मऊ ब्रशने कोरडा झटका, पाणी मारलंत की सगळीकडे गुलाबी होतं आणि नोझलच्या खाचेतून पुढे आठवडाभर निघत राहतं.

हिवाळ्याचं फार नाही. पहाटे दव पडतं, त्यावर धूळ आणि धूर बसतो, कोरडा वायपर फिरवला तर ती धूळ काचेवर घासली जाऊन बारीक चरे पडतात, म्हणून आधी पाणी मारा आणि मगच वायपर, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सोलापूर रोडला, दौंड-बारामतीकडे जाणाऱ्यांना गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीची काजळी आणि पेटवलेल्या उसाच्या फडाची राख मिळते, ती तेलकट काळी असते, तिकडे रोज जाणाऱ्यांनी पावसाळ्याचंच प्रमाण चालू ठेवावं. बाकीच्यांना साधं मध्यम प्रमाण पुरतं. सकाळी हडपसर, वाघोलीकडे जाताना सूर्य खाली, बरोबर डोळ्यासमोर असतो आणि काचेवरचा प्रत्येक पट्टा तेव्हा चमकतो, म्हणून निघण्याआधी एकदा काच धुवूनच निघा.

गोठू नये म्हणून बनवलेलं लिक्विड कोणाला लागतं तर जे इथून गाडी घेऊन थंडीत मनाली, स्पिती, काश्मीर, लेहला जातात त्यांना. त्यांच्यासाठी मात्र ते खरंच महत्त्वाचं आहे. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो, त्यात टाकी तडकते नाहीतर मोटर फुटते. इथून निघायच्या आधीच टाकीतलं साधं पाणी फवारून संपवायचं आणि तिथल्या तापमानाला चालणारं भरून पाईपमध्ये येईपर्यंत दांडी ओढायची, कारण टाकीत चांगलं आणि पाईपमध्ये जुनं पाणी राहिलं तरी तिथे बर्फ अडकतोच. फक्त अशा लिक्विडमध्ये बऱ्याचदा मिथेनॉल असतं हे लक्षात ठेवा. मुंबईतल्या मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. पोटात १० मिलिलिटर गेलं तरी कायमचं आंधळेपण येऊ शकतं. युरोपियन युनियनने तर मे २०१९ पासून सामान्य ग्राहकांना विकायच्या वॉशर लिक्विडमध्ये मिथेनॉल ०.६ टक्क्याच्या आतच ठेवायचा नियम केला, जिथे खरोखर बर्फ पडतो तिथे. मग आपण पुण्यात, जिथे गरजच नाही, ते घरात कशाला आणून ठेवायचं?

अजून काही गोष्टी लोक टाकीत घालतात त्या थांबल्या पाहिजेत. भांड्यांचा साबण घालू नका, फेस फार होतो आणि त्यातलं मीठ काचेवर वाळतं. केसांचा शाम्पू, कपड्यांची पावडर, फिनेल, तेही नको. रॉकेल किंवा डिझेलने काच पुसणारे अजूनही आहेत, त्याने रबर फुगतं आणि तेलकट थर अजून वाढतो. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, रंग सारखा दिसतो म्हणून वॉशरच्या टाकीत कूलंट आणि कूलंटच्या टाकीत वॉशरचं लिक्विड जाऊ शकतं, झाकणावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र आहे का ते बघूनच ओता. दोन वेगळ्या प्रकारची लिक्विडं एकत्र करू नका, आधीचं संपू द्या. आणि टाकी रिकामी असताना दांडी ओढत बसू नका, कोरडी फिरून मोटर जळते.

आता तक्रार. गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलात एका सर्व्हिस सेंटरने वॉशर लिक्विडचे वेगळे पैसे लावले होते. मी काउंटरवर विचारलं कुठलं घातलं, किती प्रमाणात, तर समोरच्या मुलाला सांगता येईना, आतून विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळ्या गाड्यांना तेच घालतो." बाटली दाखवा म्हटलं तर ड्रममधून काढतात म्हणे. त्या मुलाची चूक नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. पण इंजिन ऑइल घालताना ग्रेड लिहितात, कूलंटचं नाव लिहितात, मग वॉशरमध्ये काय घातलं, कुठल्या पाण्यात आणि किती प्रमाणात, हे जॉब कार्डवर का लिहीत नाहीत? ग्राहक पैसे देतो तर त्याला कळायला नको का?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीला चालू वायपर पाहिजे असं सांगितलंय, चांगलंच आहे. पुण्यात एआरएआयसारखी गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, चाकण-पिंपरीत एवढे गाड्यांचे आणि पार्टचे कारखाने आहेत, या शहराने काच नीट दिसण्याबद्दल जरा पुढे जाऊन बोलायला पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी शिकाऊ मुलांना बोनेट उघडून ती टाकी एकदा दाखवावी, भरून घ्यावी, दांडी ओढायला लावावी. सर्व्हिस सेंटरनी मे आणि ऑक्टोबर अशा दोन वेळा टाकी धुवून ऋतूप्रमाणे लिक्विड बदलून द्यावं आणि तसं लिहून द्यावं. लिक्विड बनवणाऱ्यांनी बाटलीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्याचं प्रमाण आणि आत मिथेनॉल आहे की नाही हे छापावं. आणि तुमच्या पेपरने पुढच्या मेमध्ये पावसाळ्याच्या तयारीची माहिती छापताना टायर-ब्रेकच्या जोडीला या टाकीचीही चौकट द्यावी, ही मनापासून विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

ता. क. – उरलेलं वॉशर लिक्विड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू नका. रंग निळा, गुलाबी, हिरवा असतो, लहान मुलांना ते सरबत वाटतं. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि चुकून कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला न लावता बाटलीसकट सरळ हॉस्पिटल गाठा, म्हणजे डॉक्टरांना लेबल वाचता येईल.